मधली खुर्ची आणि सिंधूवहिनींचं स्टूल

आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से माळ्यावरच्या वायरींसारखे आहेत. कोणी कधी आणून टाकले आठवत नाही, फेकून द्यायचा धीर होत नाही, आणि एक ओढायला जावं तर तिच्याबरोबर ढीगभर खाली येतात. परवा एकाला प्रोसेसरचा किस्सा सांगायला बसलो. तासाभरानं तो म्हणतो, "काका, यात प्रोसेसर कुठाय?" अरे, येईल! पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला लगेच मुद्द्यावर येऊन करायचंय काय?

तर आधी मंडळी. नाना आगाशे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम कसबा पेठ, तिसरा मजला. रेकॉर्डवरचं गाणं ऐकायची आमची बैठक त्यांच्या हॉलमध्ये. सिंधूवहिनी म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. प्रफुल्ल गावंडे मूळचा अमरावतीचा, आता वारज्यात असतो, आयटीवाला. आमच्यातला सगळ्यात लहान, म्हणजे त्याचे केस अजून स्वतःच्या रंगाचे आहेत. आणि मी. कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्याचाच पगार घेतला, तेव्हा बोलणं जरा तिखट लागलं तर सांभाळून घ्या.

पूर्वी हॉल भरायचा. आता आम्ही एवढेच उरलो. आणि सगळा घोळ एवढाच होता, की नानांना गाणं हवं होतं, वहिनींना सिनेमा हवा होता आणि हॉल एकच होता.

* * *

सुरुवात बुधवार पेठेतून. परदेशी सामान मिळायचं नाही तो काळ. अ‍ॅम्प्लिफायर घरीच बनवायचा. ट्रान्सफॉर्मर एका बोळातून, व्हॉल्यूमची बटणं दुसऱ्या बोळातून, स्पीकरची खोकी सुताराकडून. नानांचं नुकतंच लग्न झालेलं. दोघं लक्ष्मी रोडला साडी घ्यायला म्हणून निघाले आणि वाटेत नानांना एका दुकानात वूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, दिसले.

"वाजवून दाखवता का?" नानांनी विचारलं.

दुकानदारानं पेपरातून मान वर केली नाही. "वाजवून बघायचे असतील तर घरी न्या. घरी न्यायचे असतील तर विकत घ्या. विकत घ्यायचे असतील तर आत्ता बोला, एक वाजता दुकान बंद होतं."

नाना आत्ता बोलले! साडी राहिली. रिक्षात एक वूफर नानांच्या मांडीवर, एक वहिनींच्या. घरी पोचल्यावर शेजारच्या काकूंनी दारातच अडवलं, "काय गं, काय आणलंस?"

नवी नवरी, पण बोलायला कुणाच्या बापाला भ्यायची नाही. म्हणाली, "जुळं आहे, काकू. दोन्ही बापावर गेलेत!"

ते वूफर अजून आहेत. दोनदा त्यांचे आतले कागदी पडदे बदलले, सुताराच्या खोक्यांना तिसऱ्यांदा पॉलिश झालं. साडी पुढे आली की नाही, ते विचारायची आमची हिंमत नाही.

* * *

बैठकीचे नियम कडक. पंखा बंद. बोलणं बंद. रविवारी गाणं संपेपर्यंत कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी थेट तंबोऱ्यात घुसते. त्यामुळे आगाशांकडे रविवारचा भात कायम पातेल्यात शिजायचा.

आणि मधली खुर्ची. दोन स्पीकरचं असं असतं, की त्यांच्यापासून सारख्या अंतरावर, बरोब्बर मधे बसलं तर गाणारी बाई समोर हवेत दिसायला लागते. तिथं खोकं नसतं, काही नसतं, पण आवाज तिथूनच येतो. जरा कडेला सरका, की बाई जवळच्या स्पीकरच्या खोक्यात जाऊन बसते. म्हणजे सगळ्या हॉलमध्ये खरं गाणं एकाच खुर्चीत. म्हणून पाळी. एकेकाला रेकॉर्डची एक बाजू, मग उठायचं.

डॉक्टर एकदा बाजू संपली तरी उठेनात. डोळे मिटलेले, मान मागे टाकलेली. नाना शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, चूळ भरा आणि उठा!"

वहिनींना पाळी नव्हती. त्या स्वयंपाकघराच्या दारात, उजव्या अंगाला, स्टुलावर बसून भाजी निवडायच्या. एका थंडीत मटार सोलत होत्या. नानांनी मधल्या खुर्चीतून, डोळे न उघडता सांगितलं, "सिंधू, शेंगांचा आवाज येतोय." वहिनी वाटी घेऊन आत गेल्या.

डॉक्टर मनानं हळवे. एकदा म्हणाले, "वहिनी, आज माझी पाळी तुम्ही घ्या. बसा मधे."

"नको हो. मला इथूनच बरं पडतं. गॅसवर लक्ष राहतं."

नाना रेकॉर्ड पुसत होते. म्हणाले, "तिथं काय ऐकू येणार? तिथं नुसता आवाज येतो!"

आम्ही हसलो. वहिनीही हसल्या. ते दिवस तसेच होते, आणि खरं सांगू का, फार सुखाचे होते. निदान आमचे तरी.

* * *

वहिनींचा शौक सिनेमा. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला घेऊन थिएटरात जायच्या आणि रात्री जेवताना नानांना अख्खी गोष्ट सांगायच्या. नाना "हं" म्हणायचे. मग मैत्रीण मुलाकडे गेली ती गेलीच. वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. थिएटरच्या पायऱ्या संपल्या.

प्रफुल्ल एकदा पाणी प्यायला आत गेला, तर वहिनी मिसळणाच्या डब्याला मोबाइल टेकवून सिनेमा बघत होत्या. शब्द कळेनात म्हणून मधेच मोबाइल उचलून कानाला लावायच्या. कानाला लावला की चित्र दिसायचं नाही. प्रफुल्ल बाहेर आला तो पाणी न पिताच.

पुढच्याच आठवड्यात त्यानं आम्हा सगळ्यांना वारज्याला नेलं. त्याच्या हॉलमध्ये पुढे स्पीकर, मागे स्पीकर, छताला स्पीकर. नाना कानात कापूस घालून आले होते! वहिनी उठायला सोपं जावं म्हणून सोफ्याच्या पार कडेला बसल्या. सिनेमा संपेपर्यंत त्यांनी पाठ टेकली नाही.

परत येताना गाडीत म्हणाल्या, "प्रफुल्ल, मी इतकी कडेला होते, तरी बाईचं बोलणं बाईच्याच तोंडातून येत होतं रे."

"त्याच्यासाठी मधात वेगळा स्पीकर असते ना, काकू."

नानांनी पुढच्या सीटवर कानातला कापूस काढला. "चांगल्या दोन स्पीकरना मधला लागत नाही!"

मागून वहिनी म्हणाल्या, "मधे बसणाऱ्याला लागत नसेल."

नानांनी कापूस परत कानात घातला.

पुढच्या रविवारी चहाचे कप ठेवता ठेवता त्यांनी सांगून टाकलं. "मला घरात सिनेमा बघायचाय. मोठा. शब्द न् शब्द कळेल असा. आणि हॉलमध्ये डब्यांची आणखी चळत लावू नका. गाण्याला आणि सिनेमाला मिळून काय ते एकच आणा."

हा आला प्रोसेसर! प्रोसेसर म्हणजे सगळा आवाज आधी ज्याच्याकडे जातो आणि कुठल्या स्पीकरला काय द्यायचं ते जो ठरवतो, तो डबा. सिनेमाचे प्रोसेसर गाणं बिघडवतात, ही आमच्या बैठकीची जुनी श्रद्धा. टीव्ही आला की हॉल टीव्हीचा होतो. रविवार गेला, बैठक गेली, आणि या वयात नवी माणसं शोधायची कुठं?

नाना बराच वेळ एकच रेकॉर्ड पुसत बसले. मग म्हणाले, "सिनेमाचं काहीही होवो, तंबोरा बिघडता कामा नये. मग आणू."

* * *

एका झकपक शोरूममध्ये गेलो. विक्रेता गळ्यात ओळखपत्र घातलेला, फार नम्र. त्यानं आम्हाला बघताच एका सिनेमातला स्फोट लावला. डॉक्टरांचा चष्मा हलला.

"सर, बेस फील झाला?"

"झाला," नाना म्हणाले. "आता नुसता तंबोरा लावा."

"सर, त्यावर गाणं कुठलं?"

"गाणं नको. नुसता तंबोरा."

बिचाऱ्यानं शोधून लावला. नाना डोळे मिटून बसले ते बसलेच. तो थोड्या वेळानं माझ्या कानात म्हणाला, "सर, हे सुरू कधी होणार?" मी म्हटलं, "आमचं तर आता संपत आलंय."

जाताना त्यानं विचारलं, "सर, तुमचा थिएटर रूम केवढा आहे?"

नाना म्हणाले, "आमच्याकडे एकच खोली मोठी आहे. तिच्यात पाहुणेसुद्धा झोपतात!"

* * *

मग प्रफुल्लनं ओळखीनं दोन प्रोसेसर ऐकण्यापुरते घरी आणले, सोबत स्वतःचा एक छोटा टीव्ही. आमची जुनी पद्धत म्हणजे चादर. डोळ्यांना डब्याचा थाट दिसतो आणि कान फितूर होतात, म्हणून डबे सोलापुरी चादरीखाली झाकायचे, एकानं बदलत राहायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून मत द्यायचं. बदलायला वहिनी, कारण त्यांना आमच्यापैकी कोणाच्याच मताची पडलेली नव्हती.

पहिला झाला, नानांनी नापसंतीनं मान हलवली. दुसरा लागला. तंबोरा चालू होता, चालू होता, आणि एका क्षणी अशी काही शांतता पसरली की काय सांगू!

डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "अहाहा! दोन सुरांमधली शांतता ऐकलीत? काळीभोर! नाना, डोळे झाकून हाच घ्या."

मीही मान डोलावली. नाना तर पुढे वाकून ऐकत होते.

वहिनी म्हणाल्या, "अहो, बंद पडलंय ते. मघाशीच. चादरीला वास येतोय बघा."

डबा तापून स्वतःच बंद झाला होता! प्रफुल्लनं धावत जाऊन चादर ओढली. कोणी कुणाकडे बघेना. शेवटी नाना म्हणाले, "डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. इतकी चांगली शांतता या घरात पूर्वी झाली नव्हती."

* * *

तिसरा प्रोसेसर देखणा होता, पण त्याच्या समोरच्या पट्टीवर काही धड दिसायचं नाही. कुठलंही काम करायचं तर आधी टीव्ही लावा, मग टीव्हीवर यादी उघडा, मग निवडा.

नाना भडकले. "म्हणजे मी गाणं ऐकायला टीव्हीची परवानगी मागायची?"

आतून आवाज आला, "मी नाही का इतकी वर्षं कुकर लावायला गाण्याची मागत?"

तो डबा संध्याकाळच्या आत परत गेला.

* * *

या यंत्रांबरोबर एक छोटा माइक येतो. तो ऐकणाऱ्याच्या जागी, त्याच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून हुईप, हुईप असे आवाज काढतं, माइकमधून ते ऐकतं आणि कुठला स्पीकर किती लांब आहे, किती मोठा वाजतोय ते मोजून सगळं त्या जागेसाठी जुळवून घेतं. फार हुशार काम. फक्त त्या वेळी घरात टाचणी पडली तरी चालत नाही.

हे कसबा पेठेत! मागे तांबट आळी. तिथं कोणीतरी हंड्यावर ठोके घालत होतं. यंत्र म्हणालं, गोंगाट फार आहे, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग खाली भंगारवाला आला. मग कोणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न अडकला. अखेर एकदाची मोजणी झाली, तर प्रफुल्ल टीव्हीकडे बघून डोकं खाजवायला लागला.

"नाना, ह्याला वाटते आपल्या मागच्या खिडकीत एक स्पीकर आहे जी."

नानांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "आहेच की. पिढ्यान् पिढ्या वाजतोय!"

आता ते ठोकेही विरळ झालेत. सकाळी खिडकी उघडली की पूर्वी कसं सगळीकडून ऐकू यायचं, आता कान द्यावा लागतो. यंत्राला तरी ते ऐकू आले, याचंच मला बरं वाटलं.

* * *

शेवटी एक सापडला. दिसायला ओबडधोबड, पण तंबोऱ्याला हात लावत नव्हता. नाना मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो, निकालाच्या दिवशी बसतात तसे. मग नानांनी गाण्याची रेकॉर्ड लावायला सांगितली. बऱ्याच वेळानं त्यांनी समोरच्या हवेकडे बोट केलं. म्हणाले, "बसली. समोर येऊन बसली."

माझा जीव भांड्यात पडला. गाणं राहिलं, बैठक राहिली, वहिनींचा सिनेमाही झाला. डॉक्टरांनी तर नानांना मिठीच मारली.

पुढच्याच रविवारी प्रफुल्ल सगळं जोडायला आला. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याच्या खाली मधला स्पीकर. नानांनी तो स्वतःच्या हातानं पुसून ठेवला, हे मी बघितलं. मटारचे दिवस होते. मोजणी बिघडू नये म्हणून वहिनींनी गॅस बंद केला आणि गुडघ्याची गोळी घ्यायला आत गेल्या.

प्रफुल्लनं काठीवर माइक लावून ती मधल्या खुर्चीत उभी केली. "नाना, एक गोष्ट आधीच सांगून राहिलो. ह्याच्या डोक्यात एकच मोजणी राहते. माइक ठेवला ती जागा मुख्य ऐकणाऱ्याची. आवाज त्या जागेसाठी जुळते. सिनेमाचा पण आणि गाण्याचा पण."

"मग ठीकच आहे की," डॉक्टर म्हणाले. "लाव."

नाना उठले. खुर्चीतली काठी उचलली आणि चालायला लागले. मला वाटलं, वायर अडकली असेल. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, स्टुलावरची भाजीची परडी खाली ठेवली आणि तिथं काठी उभी केली. मग स्टुलापाशी हात आडवा धरून, मान तिरकी करून काहीतरी आठवत उभे राहिले आणि माइक चार बोटं खाली घेतला.

"नाना, तिथं नाही जी!" प्रफुल्ल उभाच राहिला. "मग गाणं पण तिथल्या हिशोबानं वाजन. तुम्ही खुर्चीत बसाल तर तुमचा तंबोरा..."

"मुख्य ऐकणाऱ्याची जागा म्हणालास ना?"

"हो."

"मग लाव."

वहिनी गोळी घेऊन बाहेर आल्या. "अगंबाई! माझ्या स्टुलावर हे काय?"

"शूऽऽ!" नाना म्हणाले. "मोजणी चालू आहे."

तांबट आळीत त्या दिवशी सामसूम होती. मोजणी पहिल्या फटक्यात झाली.

मग सिनेमा लागला. वहिनी स्टुलावर बसल्या, पाठीला उशी. नाना त्यांच्या शेजारी खाली, भिंतीला टेकून. हाताला काहीतरी हवं म्हणून त्यांनी मटारची परडी आणि वाटी पुढ्यात ओढली. मधली खुर्ची मोकळी होती. रविवारी ती मोकळी राहिलेली मला बघवेना, म्हणून मी जाऊन बसलो.

पडद्यावर गाणं सुरू झालं. बासरी पार डावीकडच्या खोक्यात जाऊन वाजत होती. माझा जन्म चुका काढण्यात गेला, मला राहवलं नाही.

"नाना, इथं चुकतंय हो. सगळं गाणं डावीकडे झुकलंय."

"चुकत नाहीये," नाना शेंग सोलत म्हणाले. "तिथं नुसता आवाज येतो."

वहिनींनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "शेंगांचा आवाज येतोय."

नानांनी वाटी खाली ठेवली.